वेदनेची वाट कोठे अडवावी : स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे नर्व्ह ब्लॉक

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत छातीची किंवा पोटाची पोकळी उघडली जात नाही, रुग्ण बहुधा दुसऱ्याच दिवशी हिंडू-फिरू लागते, आणि त्यामुळे ही शस्त्रक्रिया फारशी वेदनादायक नसावी असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मात्र संपूर्ण स्तन काढून काखेतील लसीका ग्रंथीही काढाव्या लागतात तेव्हा छातीची पुढची भिंत, काख आणि दंडाची आतली बाजू इतक्या विस्तृत भागातील मज्जातंतू ताणले, दाबले किंवा कापले जातात, आणि त्यातून निर्माण होणारी वेदना काही वेळा जखम भरल्यानंतरही महिनोन्‌महिने टिकून राहते. डेन्मार्कमध्ये तीन हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांनी वेदना असल्याचे सांगितले होते. तरुण वय, काखेतील ग्रंथी काढणे आणि रेडिओथेरपी यांच्याशी या वेदनेचा संबंध असल्याचेही त्यात आढळले. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग आज सर्वाधिक प्रमाणात आढळतो, २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते, आणि रोग उशिरा लक्षात आल्यामुळे यांतील पुष्कळ जणींना मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. त्यामुळे या वेदनेच्या उपचाराचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा ठरतो.

शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी करण्यासाठी मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल यांसारखी अफूवर्गीय औषधे प्रभावी असली, तरी ती संपूर्ण शरीरावर परिणाम करतात आणि मळमळ, उलट्या, गुंगी, बद्धकोष्ठ व श्वासाची गती मंदावणे हे त्यांचे दुष्परिणाम असतात. भूलशास्त्रात मळमळीचा अंदाज बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲपफेल मोजपट्टीत स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर किंवा प्रवासात उलट्या झालेल्या असणे आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषध मिळणे असे चार घटक मोजले जातात, व त्यांपैकी तीन उपस्थित असल्यास मळमळ-उलट्यांची शक्यता सुमारे ६० टक्के धरली जाते. धूम्रपान न करणाऱ्या ज्या स्त्रीला स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषध दिले जाते, तिच्या बाबतीत हे तीन घटक आधीच पूर्ण झालेले असतात. अशा औषधांची गरज कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे नर्व्ह ब्लॉक, अर्थात मज्जातंतूंच्या आसपास स्थानिक भुलीचे औषध सोडून त्यांच्यातून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश काही तास थोपवून धरणे. बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन ही यासाठी नेहमी वापरली जाणारी औषधे मज्जातंतूच्या आवरणातील सोडियमचे मार्ग तात्पुरते बंद करतात, त्यामुळे विद्युत्-संदेश पुढे सरकत नाही, आणि औषधाचा अंमल ओसरला की मज्जातंतू पूर्ववत काम करू लागतो.

छातीच्या भिंतीतील मज्जातंतूंची मांडणी

निरनिराळ्या ब्लॉकांची तुलना करायची तर स्तनाला संवेदना कोणत्या मज्जातंतूंकडून मिळते हे आधी पाहावे लागते, कारण या पद्धतींमधील बहुतेक फरक याच मांडणीतून उद्भवतात. स्तनाच्या त्वचेची व ऊतींची संवेदना प्रामुख्याने छातीच्या दुसऱ्या ते सहाव्या मणक्यांजवळून निघणाऱ्या आंतरपर्शुक मज्जातंतूंकडून, म्हणजे दोन बरगड्यांच्या मधून धावणाऱ्या तंतूंकडून येते. मणक्यापासून निघालेला असा प्रत्येक तंतू बरगडीच्या खालच्या कडेने पुढे येतो, काखेखालच्या रेषेजवळ आपली पार्श्व शाखा बाहेर सोडतो, आणि उरोस्थीजवळ, म्हणजे छातीच्या मधल्या हाडापाशी, अग्र शाखेच्या रूपाने त्वचेपर्यंत पोहोचतो. त्यामुळे स्तनाचा बाहेरचा भाग पार्श्व शाखांच्या आणि आतला भाग अग्र शाखांच्या अखत्यारीत येतो. स्तनाच्या अगदी वरच्या भागाला मानेतून उतरणाऱ्या सुप्राक्लॅव्हिक्युलर तंतूंकडून संवेदना मिळते, तर काख व दंडाची आतली बाजू यांना दुसऱ्या आंतरपर्शुक तंतूची एक शाखा, इंटरकॉस्टोब्रेकियल मज्जातंतू, संवेदना पुरवते. काखेतील ग्रंथी काढताना ही शाखा बऱ्याचदा दुखावते किंवा कापली जाते, आणि दंडाच्या आतल्या बाजूला पुढे जाणवणारी बधिरता किंवा जळजळ पुष्कळदा याच इजेमुळे निर्माण झालेली असते.

याखेरीज छातीच्या मोठ्या व लहान स्नायूंना, म्हणजे पेक्टोरॅलिस मेजर आणि मायनर यांना, चालना देणारे पेक्टोरल मज्जातंतू मणक्याशेजारच्या छातीच्या तंतूंपासून न निघता हाताकडे जाणाऱ्या तंतूंच्या जाळ्यातून निघतात. हे स्नायू ताणले गेल्यास, विशेषतः कृत्रिम स्तनासाठी स्नायूखाली इम्प्लांट बसवले असल्यास, त्यांच्यात होणारी आकडी व वेदना या वेगळ्या मार्गाने मेंदूकडे जाते. सारांश, एका शस्त्रक्रियेची वेदना किमान तीन उगमांकडून येते, आणि कोणत्याही एकाच सुईने हे तिन्ही उगम पूर्णपणे बंद करता येत नाहीत.

मणक्याशेजारचा ब्लॉक

या पद्धतींमध्ये सर्वांत जुनी म्हणजे थोरॅसिक पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक, जिचे श्रेय ह्यूगो सेलहाइम या जर्मन डॉक्टरांना आणि १९०५ या सालाला दिले जाते. मधल्या काळात मागे पडलेल्या या तंत्राकडे १९७९ साली ईसन आणि वायट यांच्या लेखामुळे भूलतज्ज्ञांचे लक्ष पुन्हा वेधले गेले. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, आतून मणके, मागून बरगडीला मणक्याशी जोडणारा अस्थिबंध आणि पुढून फुप्फुसाचे आवरण यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची एक लहानशी जागा असते, आणि कण्यातून बाहेर पडलेले मज्जातंतू याच जागेतून पुढे जातात. या टप्प्यावर त्यांच्याभोवती जाड वेष्टन नसल्यामुळे तेथे सोडलेले औषध सहज लागू पडते, आणि त्या तंतूच्या पार्श्व व अग्र अशा सर्व शाखा एकाच वेळी बधिर होतात. शेताला पाणी देणारा पाट मुख्य दांडावरच अडवला की पुढचे सगळे वाफे कोरडे राहतात, तसाच हा प्रकार आहे. याउलट पुढे वर्णन केलेल्या नव्या पद्धती वाफ्यांच्या तोंडाशी बांध घालतात.

या ब्लॉकचा प्रभाव भक्कम असतो, इतका की हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या निवडक रुग्णांत केवळ या ब्लॉकवर व हलक्या गुंगीवर स्तनाची शस्त्रक्रिया करणेही शक्य होते, आणि जागेत बारीक नळी ठेवून औषध थेंबाथेंबाने देत राहिल्यास त्याचा अंमल दोन-तीन दिवस लांबवता येतो. मात्र फुप्फुसाचे आवरण सुईच्या टोकापासून काही मिलिमीटरवर असल्यामुळे ही पद्धत कौशल्य मागते. सोनोग्राफीचा वापर रूढ होण्यापूर्वीच्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे दहा टक्के ब्लॉक अयशस्वी ठरले होते, १.१ टक्के रुग्णांत फुप्फुसाच्या आवरणाला सुई लागली होती, आणि ०.५ टक्के रुग्णांत छातीत हवा साठली होती. आज सुईचे टोक पडद्यावर प्रत्यक्ष पाहून ब्लॉक दिला जात असल्याने हा धोका कमी झाला आहे, तरी तो नाहीसा झालेला नाही; शिवाय औषध कण्याच्या आतील बाजूस पसरल्यास रक्तदाब उतरू शकतो, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णात खोलवर रक्तस्राव झाल्यास तो बाहेरून दाबून थांबवता येत नाही.

स्नायूंच्या थरांमधील ब्लॉक

सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायूंचे थर व त्यांच्यावरील चिवट पापुद्रे स्पष्ट दिसू लागल्यावर भूलतज्ज्ञांनी एक वेगळा विचार केला : मज्जातंतूचा नेमका शोध घेण्याऐवजी तो ज्या दोन थरांच्या मधून जातो त्या थरांत पुरेसे औषध पसरवले, तर तेच त्याच्यापर्यंत पोहोचेल. स्पॅनिश भूलतज्ज्ञ राफाएल ब्लँको यांनी २०११ साली पेक्टोरॅलिस मेजर व मायनर या दोन स्नायूंच्या मध्ये औषध सोडण्याची पद्धत मांडली आणि तिला पेक्स ब्लॉक हे नाव मिळाले. केवळ एवढ्याने पेक्टोरल मज्जातंतू बधिर होत असले, तरी काख व स्तनाचा बाहेरचा भाग मोकळाच राहत होता. म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी पेक्स-२ ही सुधारित पद्धत मांडली, जिच्यात पहिल्या थरात सुमारे १० मिलिलिटर आणि पेक्टोरॅलिस मायनर व त्याखालील सेरॅटस अँटेरिअर या स्नायूंच्या मध्ये, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या पातळीवर, सुमारे २० मिलिलिटर औषध सोडले जाते. दुसऱ्या थरातील औषध आंतरपर्शुक तंतूंच्या पार्श्व शाखांपर्यंत आणि इंटरकॉस्टोब्रेकियल तंतूपर्यंत पोहोचत असल्याने स्तनाचा बाहेरचा भाग व काख असा मोठा प्रदेश शांत होतो. २०१३ साली त्यांनीच वर्णन केलेला सेरॅटस अँटेरिअर प्लेन ब्लॉक छातीच्या बाजूला, त्या स्नायूच्या वरच्या किंवा खालच्या पातळीत दिला जातो, आणि त्याचाही मुख्य रोख पार्श्व शाखांवरच असतो.

या पद्धतींचा मोठा फायदा असा की रुग्ण उताणी असतानाच, पूर्ण भूल दिल्यानंतरही, तिला कुशीवर न वळवता ब्लॉक देता येतो, आणि सुई पाठीच्या कण्यापासून दूर राहत असल्याने रक्तदाब उतरण्याची भीती नसते. मर्यादा तितक्याच स्पष्ट आहेत. उरोस्थीजवळच्या अग्र शाखा या औषधाच्या आवाक्यात येत नाहीत, त्यामुळे स्तनाच्या आतल्या अर्ध्या भागात वेदना जाणवू शकते, आणि तेथे उरोस्थीच्या कडेला वेगळा ब्लॉक देण्याची गरज पडते. शस्त्रक्रियेपूर्वी थरांमध्ये सोडलेल्या द्रवामुळे ऊती फुगून सर्जनच्या कामात अडथळा येऊ शकतो. तसेच काखेतील महत्त्वाचे मज्जातंतू ओळखण्यासाठी सर्जन त्यांना हलकेच चेतवून स्नायूची हालचाल पाहतात, तेव्हा लाँग थोरॅसिक हा तंतू आधीच बधिर झालेला असल्यास ही खूण मिळत नाही. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी शस्त्रक्रियेच्या अखेरीस, जखम शिवण्यापूर्वी, सर्जन स्वतः डोळ्यांसमोर दिसणाऱ्या थरात औषध सोडतात.

२०१६ साली फोरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक प्रथम मांडला तो छातीतील जुनाट, मज्जातंतूजन्य वेदनेवरील उपाय म्हणून, आणि पुढे तो अनेक प्रकारच्या शस्त्रक्रियांसाठी झपाट्याने लोकप्रिय झाला. यात पाठीच्या लांबट स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या हाडाच्या टोकावर, औषध सोडले जाते. सोनोग्राफीत हे हाड ठळक दिसते, सुई त्यावर टेकवता येते आणि फुप्फुस त्याच्या पलीकडे असते, म्हणून ही पद्धत शिकण्यास सोपी व तुलनेने निर्धोक मानली जाते. परंतु हाडाच्या मागे सोडलेले औषध पुढे पॅराव्हर्टेब्रल जागेत किती झिरपते याबद्दल मतभेद आहेत. मृतदेहांवरील काही अभ्यासांत ते पुढे पोहोचलेच नाही, तर काहींत थोडेफार पोहोचले. परिणामी एका रुग्णात छातीची संपूर्ण बाजू बधिर होते आणि दुसरीत केवळ पाठीचा पट्टा, अशी अनिश्चितता या ब्लॉकला चिकटलेली आहे.

तुलनेतून काय दिसते

गेल्या दशकात या पद्धतींची परस्परांशी तुलना करणाऱ्या अनेक चाचण्या झाल्या, आणि त्यांचे एकत्रित विश्लेषण करणारे लेखही प्रसिद्ध झाले. त्यांतून समोर येणारे चित्र साधारणपणे असे आहे की कोणताही ब्लॉक न देण्यापेक्षा कोणताही एक ब्लॉक देणे पहिल्या दिवसाच्या वेदनेसाठी व अफूवर्गीय औषधांची गरज कमी करण्यासाठी लाभदायक ठरते. पॅराव्हर्टेब्रल आणि पेक्स-२ यांच्यातील फरक मात्र लहान आहे, आणि इरेक्टर स्पायनी ब्लॉक सरासरीने या दोहोंपेक्षा थोडा मागे पडतो. येथे चाचण्यांच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. अनेक चाचण्यांत रुग्णांची संख्या थोडी होती, औषधाची मात्रा व शस्त्रक्रियेचा प्रकार वेगवेगळा होता, आणि शून्य ते दहा या वेदनामापनावर एका अंकाहून कमी फरक आकडेशास्त्राच्या दृष्टीने सिद्ध झाला तरी अंथरुणावरच्या स्त्रीला तो जाणवेलच असे नाही. म्हणूनच वेदनेच्या अंकाइतकेच महत्त्व रुग्णाने एकूण किती वेदनाशामक औषध मागितले, तिला उलट्या झाल्या का, आणि ती हात किती लवकर वर उचलू शकली या गोष्टींना दिले जाते, कारण खांद्याची हालचाल लवकर सुरू झाली नाही तर तो आखडतो.

युरोपातील तज्ज्ञांच्या प्रॉस्पेक्ट या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींमध्येही कोणत्याही एका ब्लॉकला एकमेव स्थान दिलेले नाही. पॅरासिटामॉल, सूजविरोधी वेदनाशामक आणि शिरेतून डेक्सामेथासोन यांचा पाया आधी घालावा, मोठ्या शस्त्रक्रियेत पॅराव्हर्टेब्रल किंवा पेक्टोरल ब्लॉकचा अथवा जखमेत स्थानिक भुलीचे औषध टोचण्याचा विचार करावा, आणि अफूवर्गीय औषधे गरज पडेल तेव्हाच द्यावीत, असा त्यांचा क्रम आहे. छोटी गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेत जखमेच्या कडांना औषध टोचणे पुष्कळदा पुरेसे ठरते, ही साधी बाब नव्या तंत्रांच्या उत्साहात नजरेआड होता कामा नये.

सर्व पद्धतींना समान असलेला एक धोका म्हणजे औषधाची एकूण मात्रा. थरांमधील ब्लॉकसाठी द्रव अधिक लागतो, आणि तो रक्तवाहिन्यांनी भरलेल्या भागातून रक्तात शोषला जातो. त्यामुळे बुपिव्हाकेन साधारणतः किलोमागे दोन मिलिग्रॅम आणि रोपिव्हाकेन तीन मिलिग्रॅम या मर्यादेत ठेवले जाते. कृश शरीराच्या किंवा दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रीत ही मर्यादा लवकर गाठली जाते. मात्रा ओलांडल्यास तोंडाभोवती बधिरता, कानांत आवाज, झटके आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड अशी लक्षणे दिसतात, व त्यांवर २० टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देण्याचा उपाय हाताशी तयार ठेवणे आवश्यक मानले जाते.

दीर्घकाळची वेदना आणि रोगाचे पुनरागमन

एकदाच टोचून दिलेल्या ब्लॉकचा अंमल फार तर एक दिवस टिकत असला, तरी त्याचे फायदे अधिक दूरवर पोहोचत असावेत अशी आशा संशोधकांनी बराच काळ बाळगली होती. एका बाजूला, २०१८ सालच्या कॉक्रेन समीक्षेत निरनिराळ्या चाचण्या एकत्र पाहता, स्तनाच्या शस्त्रक्रियेत प्रादेशिक भूल दिलेल्या प्रत्येक सात स्त्रियांमागे एकीची दीर्घकालीन वेदना टळते असे अनुमान निघाले, पण पुराव्याची प्रत कमी असल्याचेही समीक्षकांनी नोंदवले. दुसऱ्या बाजूला, आठ देशांतील तेरा रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेली व २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी या आशेला दुजोरा देत नाही. पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक व प्रोपोफॉल मिळालेला एक गट आणि वायुरूप भूल व अफूवर्गीय औषधे मिळालेला दुसरा गट यांच्यात कर्करोग परतण्याचे प्रमाण सारखेच, सुमारे दहा टक्के राहिले, आणि सहा महिन्यांनंतर वेदना सांगणाऱ्यांचे प्रमाणही दोन्हींकडे ५२ टक्केच होते.

भारतात याच क्षेत्रात झालेल्या एका महत्त्वाच्या चाचणीशी या प्रश्नाची गल्लत होण्याची शक्यता आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या पुढाकाराने देशातील अकरा केंद्रांत १६०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्या सर्व बाजूंनी ०.५ टक्के लिग्नोकेन टोचण्यात आले, आणि पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. येथे औषध मज्जातंतूंसाठी नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीतील पेशींचे वर्तन बदलावे या कल्पनेने दिले गेले होते. म्हणून त्या निष्कर्षाच्या आधारे नर्व्ह ब्लॉकमुळे कर्करोग आटोक्यात येतो असे म्हणता येत नाही. नर्व्ह ब्लॉकची निवड त्याने पहिल्या एक-दोन दिवसांत दिलेल्या आरामावरच करावी लागते, आणि तेवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे.

निवडीचे निकष

एवढ्या तपशिलानंतर सर्वांत चांगला ब्लॉक कोणता, या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेच्या नकाशावरून शोधावे लागते हे लक्षात येते. संपूर्ण स्तन व काखेतील ग्रंथी काढायच्या असून अनुभवी भूलतज्ज्ञ उपलब्ध असतील, तर आतला व बाहेरचा भाग एकत्र बधिर करणारा पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक उपयुक्त ठरतो, मात्र काखेसाठी त्याची पातळी दुसऱ्या मणक्यापर्यंत पोहोचवावी लागते. काख व बाहेरच्या भागावर भर असलेल्या किंवा स्नायूखाली इम्प्लांट बसवायच्या शस्त्रक्रियेत पेक्स-२ चे पारडे जड असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना उथळ थरांतील ब्लॉक अधिक सुरक्षित असतात, आणि इतर ब्लॉकचा सराव नसलेल्या ठिकाणी इरेक्टर स्पायनी हा स्वीकारार्ह पर्याय ठरतो. लहान रुग्णालयात जेथे सोनोग्राफी यंत्र किंवा सराव यांपैकी काहीच नाही, तेथे सर्जनने जखमेत दिलेले औषध आणि वेळेवर दिलेल्या गोळ्या हा मार्ग अकुशल हातांनी दिलेल्या अवघड ब्लॉकपेक्षा निश्चितच चांगला.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांची भेट होते तेव्हा रुग्णाने व तिच्या कुटुंबीयांनी कोणता ब्लॉक देणार, तो कोणत्या भागाला पोहोचेल, कोणता भाग सुटेल आणि अंमल ओसरल्यावर वेदनेची कोणती औषधे ठरलेली आहेत हे विचारून घ्यावे. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो, आणि त्याची किंमत पहिल्या रात्री चुकवावी लागते. कारण दुपारी दिलेल्या ब्लॉकचा प्रभाव मध्यरात्रीनंतर ओसरू शकतो, आणि तोपर्यंत पॅरासिटामॉल व सूजविरोधी औषधांच्या ठरावीक मात्रा चालू झालेल्या नसतील, तर अत्यंत कुशलतेने दिलेला ब्लॉकही केवळ वेदना पुढे ढकलण्याचे काम करतो.